‘जागा नाही’ एवढंच लिहून द्या

३ नोव्हेंबर, सोमवार

साताऱ्याला निधीच्या ऑफिसात जाऊन आले. एसटीत उभी, ऑफिसात उभी, येताना परत उभी. कंपनी गेल्यापासून संयोगिता घरी बसून आहे, असं गावात म्हणतात. बसायला मिळतं कुठं ते मात्र कुणी सांगत नाही.

मे महिन्यात आमच्या कंपनीनं यंत्रं उचलून दुसऱ्या राज्यात नेली. गाड्यांचं वायरिंग बनवायची कंपनी, आणि तयार माल तपासणं हे माझं काम. सतरा वर्षं मी दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायचा पगार घेतला. युनियननं भांडून कामगार मदत निधी काढायला लावला, त्यातून सहा महिने अर्धा पगार मिळाला. तो या महिन्यात संपतो. पुढचे सहा महिने वाढीव भत्ता आहे, पण ज्यानं मनापासून काम शोधलं त्यालाच. ‘मनापासून’ म्हणजे काय तेही त्यांनी ठरवून ठेवलंय. या महिनाभर आठवड्याला दोन ठिकाणी जायचं, काम मागायचं आणि मालकानं कागदावर ‘जागा आहे’ किंवा ‘जागा नाही’ यातलं एक लिहून सही-शिक्का करायचा. आहे म्हटलं तर ती नोकरी घ्यायची. सगळ्यांनी नाही म्हटलं तर भत्ता चालू.

निधीचे वाळिंबे साहेब पुण्याचे. म्हणाले, “मॅडम, स्पष्ट उत्तर आणा. मोघम चालणार नाही. आणि ज्या ठिकाणचं नाव एकदा लिहिलं, तिथलं उत्तर आलंच पाहिजे. एकही कोरं राहिलं तर अर्ज अपूर्ण.” एवढं दरडावून सांगायचं कारण काय? आधीच कुणीतरी माझ्याबद्दल कान भरलेत की काय अशी शंका आली. बाकी नकार गोळा करण्यात काय अवघड आहे? मला कामावर घ्यायला या भागात कोण टपून बसलंय?

भत्ता नाही मिळाला तर काय होणार, ते ह्यांनी दिवाळीतच सांगून ठेवलंय. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून हे सांगलीला विश्रामबागेत एका बँकेवर सिक्युरिटीला आहेत आणि तिथंच खोली घेऊन राहतात. त्यांचं म्हणणं, रहिमतपूरच्या घराला कुलूप लावायचं, मी सांगलीला जायचं, आणि आत्याबाईंना म्हसवडला नलूवन्संकडे ठेवायचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, रंगूबाई. ह्यांनी त्यांना विचारलं, “जाशील न्हवं आई नलूकडं?” तर त्या म्हणाल्या, “बघू की.” म्हणजे तयारच आहेत. लेकीकडे जायला कोण नको म्हणेल? अडचण फक्त माझी आहे. मला हे घर सोडायचं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

सुरुवात घरच्याच माणसापासून करावी म्हणून लालासाहेबांच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. हे आत्याबाईंचे भाचे, म्हणजे ह्यांचे मामेभाऊ. चहा आला, खारी आली, माझ्या मुलाचं, शिवतेजचं, बेळगावचं ट्रेनिंग कसं चाललंय याची चौकशी झाली. मग मी विषय काढला.

“काम व्हय? बघूया की वैनी. या चार दिसानी.”

“मग तोवर ‘जागा न्हाई’ एवढं लिवून द्या.”

“न्हाई कसं लिवू? तुमास्नी न्हाई म्हणायचं व्हय?”

“बरं, ‘हाय’ लिवा.”

“आता हाय तरी कसं लिवू?”

कागद त्यांनी चारदा उलटसुलट केला आणि नीट घडी घालून परत दिला. सही नाही, शिक्का नाही. नाव मात्र मी आधीच भरून बसले होते.

संध्याकाळी आत्याबाईंनी विचारलं, “लाला न्हाई म्हणला का गं?” मी सांगितलं, न्हाई म्हणले न्हाईत. तर म्हातारीचा चेहरा असा खुलला की बघत राहावं. मला एक शिक्का मिळाला नाही यात हिला एवढा आनंद कशाचा?

८ नोव्हेंबर, शनिवार

कोरेगावच्या एका गॅस एजन्सीत गेले. मालक ओळखीचा ना पाळखीचा. मी तोंड उघडायच्या आत त्यानं ‘जागा नाही’ लिहिलं, शिक्का मारला आणि “पुढचं कोण?” म्हणाला. इतक्या सुखानं मी आजवर कुठल्या दुकानातून बाहेर पडले नव्हते.

घरी आले तर आत्याबाई शेजारच्या मंगलच्या पायरीवर. आत्याबाईंना फोन घेता येतो, पण नंबर लावता येत नाही. मंगल नंबर लावून देत होती. मला बघताच दोघींच्या माना वेगळ्या झाल्या. मंगल म्हणाली, “काय वैनी, लागलं का काम?” मी म्हटलं, लागलं की सांगीन. आत्याबाई फोन पदराखाली धरून माझ्या मागोमाग आल्या. कुणाला फोन केला म्हणून विचारलं तर म्हणे नलूला. नलूवन्संचा नंबर मीच त्यांना एका बटणावर लावून दिलेला आहे. त्यासाठी मंगल कशाला लागते?

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज तर कमालच झाली. नानासोंच्या दूध संकलन केंद्रावर गेले. हे आमचे दूरचे भावकीतले. पायरी चढते तोच ते उठून उभे. “या, या. वाटच बघत हुतो.”

मी येणार हे नानासोंना कुणी सांगितलं? मी कुणाला बोलले होते? काल रात्री सांगलीला फोनवर बोलले होते, तेवढंच. जेवताना आत्याबाई समोर होत्या खऱ्या, पण त्यांचं अर्धं लक्ष ताटात होतं.

नानासोंनी लिहून काही दिलं नाही. “माणसं तर पुरेशी हायती आमच्याकडं,” म्हणाले. मी लगेच कागद पुढे सरकवला, “मग त्येच लिवा की.” तर दोन्ही हात मागे घेतले. “छ्या छ्या. आमचं काय नातं हाय का न्हाई? बघू म्हणा की काय तरी.” येताना हातात खव्याचा पुडा दिला. खवा घेऊन निधीच्या ऑफिसात काय करू?

पाणी कुठं मुरतंय ते मला कळायला लागलंय. ह्यांना मी सांगलीला यायला हवी आहे. सरळ भांडून मी ऐकणार नाही हे माहीत आहे. मग सोपा रस्ता कोणता? पाहुण्यारावळ्यांना फोन करायचा की हिला काही लिहून देऊ नका. अर्ज अपूर्ण, भत्ता बंद, घराला कुलूप. वीस वर्षं संसार केला त्या माणसाबद्दल असं लिहिताना वाईट वाटतंय. पण वाटतंय हेच, तर लिहायचं काय दुसरं?

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगलीला जाऊन आले. स्वतः बघितल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही.

विश्रामबागेतल्या खोलीत दुसरी कॉट आणून ठेवलेली. खिडकीला नवीन पडदा. गॅसची शेगडी होती एका बर्नरची, ती जाऊन दोन बर्नरची आली. मला न विचारता माझा संसार मांडून तयार. कॉट दोनच, तिसरीला जागाच नाही. आत्याबाईंचं काय, म्हणून मी विचारलंही नाही. त्यांचं तर ठरलेलंच आहे.

मी सरळ विचारलं, “लालासाहेबांना, नानासोंना तुमी फोन केलाता का?”

“मी कशाला करू? मला काय त्योच धंदा हाय?”

फार लवकर उत्तर दिलं. पलटणीत राहिलेला माणूस, चौकशीत कसं बोलायचं ते शिकलेला असणारच.

मग म्हणाले, “सिद्धनाथाच्या यात्रेला आई दरवर्षी म्हसवडला जातीच. यंदा गेली की ऱ्हाऊ दे तिकडंच. परत आणायला हेलपाटा कशाला?” म्हणजे हिशेब पक्का आहे. आधी तिची रवानगी, मग माझी.

येताना एका क्लासच्या ऑफिसात कागद पुढे केला. काउंटरवरच्या पोरीनं मोबाईलमधून डोकं न काढता ‘जागा नाही’ लिहिलं. तिचं भलं होवो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

साताऱ्यात दोन नकार मिळवले, एक छापखान्यात आणि एक लॅबमध्ये. दोन्हीकडे मला कुणी ओळखत नव्हतं. अनोळखी माणसं पटकन नाही म्हणतात, ओळखीचे मेले चहा पाजतात. हा योगायोग नाही. ओळखीच्यांना कुणीतरी पढवलंय.

वाळिंबे साहेबांना भेटून विचारलं, लालासाहेब आणि नानासो यांच्या जागी दुसरी दोन नावं चालतील का. ते म्हणाले, “तुम्हीच नाव लिहिलंय ना? मग त्यांनी नाही म्हटलेलं दाखवा. नाही म्हटलं नाही, याचा अर्थ तिथं जागा असू शकते आणि तुम्ही ती घेतली नाही.” अठ्ठावीस तारखेपर्यंत मुदत आहे. मी त्यांना समजावून सांगणार होते की आमच्याकडे ‘बघू’ म्हणजेच नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून गप्प बसले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

म्हसवडची यात्रा. मी या घरात आल्यापासून आत्याबाईंनी एकदाही सिद्धनाथाचा रथ चुकवलेला नाही. आजारातून उठून गेलेल्या आहेत. आणि यंदा सकाळी म्हणतात, “गुडघा लय दुखतुया, मी काय जात न्हाई.” नलूवन्संचा दोनदा फोन आला. त्यांनाही तेच सांगितलं.

दुपारपर्यंत हाच गुडघा घेऊन त्या मंगलकडे दोनदा जाऊन आल्या. मी ओट्यापाशी उभी राहून मोजत होते.

लेकीच्या गावची यात्रा, कुलदैवत, दरवर्षीचा नेम, आणि ही बाई घरातून हलत नाही. का? मी घरात एकटी राहू नये म्हणून. माझ्यावर नजर ठेवायला हिला इथं बसवलंय. मायलेकांनी मिळून ठरवलेलं दिसतंय. मुकाट्यानं वांग्याची भाजी केली आणि त्यांच्या ताटात जरा जास्तच तिखट पडलं असेल तर पडू दे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीत एखादी खोट सापडत नसली की आम्ही लाइन दोन भागांत तोडून बघायचो. आज तेच केलं.

काल रात्री ह्यांना फोनवर सांगितलं, उद्या कोरेगावला भाऊसोंच्या युनिफॉर्म शिवायच्या युनिटला जाणार. हे भाऊसो ह्यांच्या पलटणीतले ओळखीचे. आत्याबाईंना वेगळंच सांगितलं, की धुळाभाऊंच्या पोल्ट्रीवर जाणार. धुळाभाऊ मंगलचे दीर. आणि प्रत्यक्षात गेले दोन्हीकडे.

भाऊसोंनी मला ओळखलंसुद्धा नाही. “काय काम हाय?” म्हणाले. सांगितल्यावर ‘जागा नाही’ लिहिलं, शिक्का मारला. मग आडनाव वाचून, “आरं, जयराजच्या मंडळी का तुमी?” म्हणून उठले, पण तोवर कागद माझ्या पिशवीत होता. म्हणजे ह्यांनी फोन केलेला नव्हता.

धुळाभाऊंच्या पोल्ट्रीवर दोन खुर्च्या बाहेर काढून पुसून ठेवलेल्या. “या वैनी. म्हातारीचा फोन आल्ता.”

“काय म्हणाल्या?”

“काय न्हाई, चांगलंच म्हणल्या.”

“जागा हाय का?”

“आता कोंबड्यास्नी दाणं टाकाय तुमास्नी कसं सांगू? बघू की काय तरी.” लिहिलं काहीच नाही. अंडी दिली डझनभर.

तर नवरा नव्हे, सासू. खात्री झाली तेव्हा राग आला तो आला, पण त्याहून जास्त लागलं मनाला. ह्यांच्या नोकरीच्या काळात चौदा वर्षं मी आणि ही बाई या घरात दोघीच राहिलो. शिवतेजला कावीळ झाली तेव्हा रात्रभर आलटून पालटून जागलो. आणि ही गावभर फोन करून माझी वाट अडवते, तेही लेकीकडे जाऊन पडायची घाई झाली म्हणून? अठ्ठावीस तारीख शुक्रवारी. तीन जागा कोऱ्या आहेत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

आत्याबाई शेंगा फोडत होत्या. मी समोर जाऊन बसले. “आत्याबाई, तुमी लोकास्नी फोन करताय न्हवं माझ्याबद्दल?”

मला वाटलं कानावर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, “व्हय, करती की.”

“काय सांगताय?”

“सांगती, माझी सून काम मागाय येतीया, तिला न्हाई म्हणू नगा.”

मला आधी काही कळेचना. “अजून काय?”

“अजून काय सांगू? एवढंच. लालाला सांगितलं, नानासोला सांगितलं, काल धुळाला सांगितलं. माझा शबूद कोण मोडत न्हाई. कोण म्हणलं का न्हाई?”

कोणीच म्हणालं नव्हतं. काम कुणाकडेच नव्हतं, पण रंगूबाईंच्या शब्दाखातर नाही कुणी म्हणत नव्हतं. माझ्या कागदावरच्या तीन कोऱ्या जागा म्हणजे या म्हातारीनं मिळवून दिलेली इज्जत होती. मी त्यांना सगळं समजावलं. या लोकांनी नाही म्हटलं तरच भत्ता मिळतो, आणि त्यांनी नाही म्हणू नये म्हणून तर तुम्ही फोन केलेत. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या.

“म्हंजी मीच घात केला म्हण की.”

“पर तुमाला कशाला पायजे माझी नोकरी?”

“तुला काम लागलं तर घराला कुलूप लागत न्हाई. मला म्हसवडला न्हाई जायाचं.”

“मग ह्यांनी इचारलं तवा ‘बघू की’ का म्हणलात?”

“पोटच्या पोराला तोंडावर न्हाई म्हणू व्हय?”

वाळिंबे साहेबांना जे समजावायला निघाले होते, ते मलाच माझ्या घरात कळलं नव्हतं.

“नलू वंगाळ न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर तितं मी पाव्हणी. चा कवा मिळंल त्याची वाट बघायची, आनि मिळाला की बरा झालाय म्हणायचं. हितं मी तुला साकर कमी हाय म्हणून बोलती तरी.”

“म्हणून यात्रंला गेला न्हाई?”

“गेले असते तर परत कुनी आणलं असतं?”

मला रडू आलं. त्या माझ्याकडे न बघता शेंगा फोडत बसल्या. आम्हा दोघींना एकमेकींसमोर रडायची सवय नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आत्याबाईंना घेऊन तिन्ही ठिकाणी गेले. गुडघ्याचं त्यांनी नावही काढलं नाही.

धुळाभाऊ लांबून बघून हात जोडतच आले. आत्याबाई खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, “धुळा, हिला न्हाई म्हण.”

“आवं, परवा तर तुमीच म्हणलासा...”

“त्ये परवा. आज न्हाई म्हण.” ते एकदा माझ्याकडे बघत, एकदा त्यांच्याकडे. सासू-सुनेचं वाजलंय आणि आपण मधे सापडलोय अशी त्यांची समजूत झाली असावी. सही करताना माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “वैनी, मनाला लावून घिऊ नका.”

नानासोंचा तर चेहराच पडला. “आक्का, माझं काय चुकलं का? खवा बरा न्हवता का?” त्यांना भत्त्याचा नियम तीनदा सांगावा लागला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “म्हंजी आमी न्हाई म्हणलं की सरकार पैसं देतंय?” सरकार नाही, निधी, असं मी सांगितलं. ते म्हणाले, कोण का असंना, येडं हाय. पण लिहून दिलं.

लालासाहेबांकडे सगळ्यात जास्त वेळ गेला. पेन हातात घेऊन नुसते बसले. गिऱ्हाईक आलं, त्याला खिळे दिले, परत येऊन बसले.

“आत्या, उद्या पाव्हण्यात बोभाटा हुईल. लालानं आत्याच्या सुनंला दारातनं परत पाठवली म्हणतील.”

“मी सांगीन सगळ्यास्नी. मीच म्हणाय लावलं म्हणून.”

“लगीन-कार्यात मला तोंड दाखवाय नगो?”

“लाला, लिव. तू न्हाई म्हणला न्हाईस तर मला म्हसवडला जावं लागतंय.”

मग त्यांनी लिहिलं. मी कागद घेऊन वाचला. ‘सध्या जागा नाही. असती तर नक्की दिली असती.’ मी म्हटलं, भावजी, मोघम चालत नाही, दुसरं वाक्य खोडा. त्यांनी पेनाला टोपण घातलं. म्हणाले, “तेवढं ऱ्हाऊ द्या वैनी. तेवढं खोडाय लावू नका.”

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

वाळिंबे साहेबांनी आठही उत्तरं वाचली आणि लालासाहेबांच्यावर बोट ठेवून थांबले. “हे ‘असती तर’ काय आहे? पुढं जागा निघणार आहे का तिथं?”

मी म्हटलं, “नाही साहेब. त्या माणसाला नुसतं ‘नाही’ लिहिता आलं नाही. नात्यातले आहेत.” मग जे त्या दिवशी गिळलं होतं ते सगळं सांगून टाकलं. ‘बघू’ म्हणजे काय, ‘या चार दिवसांनी’ म्हणजे काय, चहाबरोबर खारी आली की काय समजायचं. ते ऐकत होते की दुसरंच काही मनात होतं, कळायला मार्ग नव्हता. एकदा वाटलं, हा माणूस माझ्याच तोंडून काहीतरी वदवून घेतोय आणि शेवटी अर्ज बाजूला टाकणार.

त्यांनी ‘पहिलं वाक्य ग्राह्य’ असं बाजूला लिहिलं आणि मंजूर केला. सहा महिने. मी दोनदा विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा विचारायच्या आत ते म्हणाले, “पुढंही आठवड्याला दोन ठिकाणी जायचंय, विसरू नका. आणि शक्यतो नात्याबाहेर जा.”

एसटीतून उतरल्यावर तिथूनच ह्यांना फोन केला. भत्ता मंजूर झाल्याचं सांगितलं. मी सांगलीला येत नाही, आणि आत्याबाई म्हसवडला जाणार नाहीत, हेही सांगितलं.

“आई जाणार न्हाई? मला तर ‘बघू’ म्हणली ती.”

“त्येच सांगतीया.”

मग म्हणाले, रविवारी येतो.

३० नोव्हेंबर, रविवार

हे सकाळच्या गाडीनं आले. येताना आत्याबाईंसाठी गुडघ्याचं तेल आणलं होतं. तेल बघून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता गोड बोलून नेणार. चहा झाल्यावर ह्यांनी समोर बसून विचारलं, “आई, खरं सांग. नलूकडं जायचं हाय का तुला?”

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम पातेल्यात नजर घातली. हे त्यांचं त्यांनीच सांगायला हवं होतं.

“न्हाई रं जया,” त्या म्हणाल्या. पुढे काहीतरी गोड बोलून सावरतील असं वाटलं, पण त्या तिथंच थांबल्या. हे उठले आणि तेलाची बाटली उघडून त्यांच्या पायाशी बसले. गुडघा दुखत नाही हे ह्यांना कुणी सांगितलं नाही.

दुपारी हे झोपल्यावर मी आत्याबाईंच्या कपाटात त्यांची शाल शोधत होते. खालची फळी रिकामी. लुगडी नाहीत, चष्म्याची डबी नाही, मामंजींचा फोटोही नाही. माझे कान पुन्हा टवकारले. म्हटलं, सकाळचं सगळं नाटक होतं की काय? कॉटखाली बघितलं तर जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं, चारी टोकांना गाठी मारलेलं.

त्या दारात उभ्या होत्या. “दिवाळीत बांधलंय त्ये,” म्हणाल्या. “जया म्हणला त्याच दिशी. निघायच्या येळंला बांधाय बसलं की हात कापत्यात. मग तुमास्नी वाईट वाटायचं.”

दिवाळीपासून. म्हणजे लालाला, नानासोला फोन लावत होत्या तेव्हाही गाठोडं तयारच होतं. महिनाभर मी या बाईवर पाळत ठेवली, ती मंगलकडे किती वेळा गेली ते मोजलं, आणि तिच्या कॉटखाली एकदाही वाकून बघितलं नाही. सतरा वर्षं खोट शोधायचा पगार घेतला मी. मला माझीच लाज वाटली.

“सोडू का?” मी विचारलं.

“सोड की.”

गाठी घट्ट बसल्या होत्या. माझी नखं दुखायला लागली तरी एकही सुटेना. मग त्या खाली माझ्याशेजारी येऊन बसल्या, चादर स्वतःकडे ओढून घेतली आणि एकेक गाठ स्वतःच्या हातानं सोडली.